बाप्तिस्तची मुडी

साहेब, आमचं पाणी तुम्ही मारलंत.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. व्हाळावर बांध कोणी घालायचा ह्या आमच्या भांडणात तुम्ही एका कागदावर ‘जैसे थे’ लिहिलंत, खाली सही ठोकलीत आणि पुढच्या पावसाआधी बदली घेऊन घाट चढून गेलात. व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, पाहायला आलात का? नाही आलात. आला असतात तर काठावर उभं राहूनच कळलं असतं की वाहतं पाणी जैसे थे राहत नाही. ते आमच्या वाडीखालून जातं, वालावलच्या खाडीला मिळतं आणि खारं होतं. खारं झालेलं पाणी कुठल्या हुकमाने परत गोडं होतं, ते मला सांगा.

आता गोष्ट. गोष्ट शिवाची आहे, आणि तुम्ही दोषी आहात म्हणून शिवा सुटला असं कोणी समजू नये.

पावसाळी भात कापून झालं की आमच्याकडे शेत झोपत नाही. मार्गशीर्षात व्हाळाला आडवा बांध घालायचा, दगड, माती, पेंढा, झाडांचे टाळ-डहाळ्या, जे हाताला लागेल ते. अडलेलं पाणी पाटाने कुणग्या-कुणग्यांतून, म्हणजे शेताच्या लहान तुकड्यांतून, फिरवायचं. पौषात बी फेकायचं, माघात रोपं लावायची. ह्याला वायंगण म्हणतात. वर आंब्याला मोहर, काजूला मोहर, मधमाश्यांचा नुसता कालवा, आणि खाली गुडघाभर चिखलात वाडी वाकलेली. पाऊस नसताना पिकणारं भात आहे ते. ते बांधाशिवाय होत नाही, आणि बांध एकट्याने होत नाही. घरटी एक माणूस पाण्यात उतरावा लागतो. उतरण्याआधी व्हाळाच्या राखणदाराला, म्हणजे त्या जागेच्या देवाला, नारळ फोडायचा आणि पहिला दगड टाकायचा. हा मान.

शिवाच्या बापाने तो नारळ जन्मभर फोडला. बाप गेल्यावर शिवा फोडू लागला. खरं म्हणजे मान थोरल्या घराचा, म्हणजे शिवाच्या चुलत्याचा. पण चुलता तरुणपणीच मुंबईला गेला, तिकडेच मेला, आणि मान धाकट्या घरात राहिला तो राहिलाच. मग चुलत्याचा मुलगा दत्तप्रसाद नोकरी संपवून गावी परत आला. त्याने स्लॅबचं घर बांधलं, अंगणात पेव्हर घातले, आणि मार्गशीर्षात बांधाच्या दिवशी तो धूतवस्त्र नेसून, हातात नारळ घेऊन व्हाळावर हजर झाला.

शिवा आधीच तिथे उभा होता. त्याच्याही हातात नारळ.

“दादा,” दत्तप्रसाद म्हणाला, वयाने शिवा मोठा म्हणून दादा, “मान थोरल्या घराचो. बापूस मुंबयत होतो म्हणान तुझ्या बापाशीन इतकी वर्सां फोडल्यान. आता मीया इलंय.”

“इलंस ता बरा केलंस,” शिवा म्हणाला. “थय दगडार बस. मीया फोडतंय, तुका शिरणीचा खोबरा देतंय.”

“शिरणी घेवक मी काय पोर आसंय?”

“पोर नाय, पावणो आसस.”

पाहुणा हा शब्द दत्तप्रसादला लागला. लागावा म्हणूनच शिवाने टाकला होता. मग काय, कोणाची आजी कोणाच्या जमिनीवर नांदली इथपर्यंत गोष्ट गेली. बाकीची माणसं खोरी-टोपल्या घेऊन ताटकळत राहिली. ऊन चढलं.

बाप्तिस्त ख्रिस्ती, दर रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चला, जाणारा. तो पाण्यात पाय सोडून बसला होता. व्हाळाच्या पलीकडे त्याचं घर, शेत आणि एक जुना आंबा. त्याचं आणि शिवाचं लहानपण एकाच पाण्यात गेलेलं. दर वर्षी नारळ फुटेपर्यंत बाप्तिस्त टोपी काढून हातात धरायचा आणि फुटला की सगळ्यांच्या आधी पाण्यात उडी मारायचा. तो उठला. म्हणाला, “आयका रे. दोनय नारळ माका दिया. मीया फोडतंय. माझ्या हाताक थोरलाय घर नाय नि धाकटाय नाय.”

हे एवढं शहाणं बोलणं त्या दिवशी दुसरं कोणी बोललं नव्हतं. शिवाला ते आतून पटलं. पटलं म्हणूनच तो चिडला असावा.

“तू फोड,” शिवा म्हणाला. “मगे आयताराक राखणदार इगर्जीत जावन बसतलो.”

सगळे हसले. दत्तप्रसादसुद्धा हसला. त्या दिवशी दोघा चुलतभावांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. बाप्तिस्तही हसला. टोपी डोक्यावर घातली, खोरं खांद्यावर टाकलं आणि पाण्यातून पलीकडे घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शिवा तालुक्याला जाऊन अर्ज देऊन आला. त्याच्या मागच्या गाडीने दत्तप्रसाद गेला. आणि साहेब, तुम्ही दोघांच्या अर्जांवर मिळून तो एक हुकूम काढलात. पुढील आदेश होईपर्यंत सदर ठिकाणी कोणीही बांध घालू नये. परिस्थिती जैसे थे ठेवावी.

शिवा हुकूम घेऊन घरी आला तेव्हा त्याची चाल बघण्यासारखी होती. आनंदीबाई, त्याची बायको, पडवीत कुळीथ पाखडत होती.

“काय झाला?”

“जैसे थे.”

“म्हंजे काय?”

“म्हंजे दत्त्याक नारळ फोडूक गावाचो नाय.”

“आणि तुमका?”

“माकाय नाय.”

आनंदीबाईने सूप खाली ठेवलं. “आणि पाणी?”

“पाणी खंय जाता?”

“दर्याक जाता,” ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.

त्या वर्षी वायंगण झालं नाही. माघात आंबे मोहरले, काजू मोहरले, आणि खाली कुणग्यांत गुरं फिरली. व्हाळ आपला वाहत राहिला. हुकूम मोडतो का ते बघायला तालुक्याहून कोणी येणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तुमच्या माणसाची गरजच नव्हती साहेब. दत्तप्रसादवर शिवाचा डोळा होता आणि शिवावर दत्तप्रसादचा. फुकटचे दोन पहारेकरी तुम्हाला मिळाले.

एका पिकाने कोणी मरत नाही. रेशनवर तांदूळ आहे, दुकानात आहे. पण बाप्तिस्तच्या घरचं बी दुकानात नव्हतं. तांबडं, आखूड दाण्याचं, कुसळाचं भात. त्याच्या आईच्या माहेराहून आलेलं. त्याची पेज अशी व्हायची की वर तूप नको, तोंडी लावायला काही नको, आजारी माणूस उठून बसायचा. वाडीत एकेकाळी सगळ्यांकडे होतं. मग पिशवीतलं बियाणं आलं, जास्त पिकतं म्हणून ज्याने त्याने ते धरलं आणि हे सोडलं. बाप्तिस्तने सोडलं नाही. दर वैशाखात तो त्यातलं निवडक भात पेंढ्याच्या दोरखंडात घट्ट आवळून त्याची मुडी बांधायचा. भोपळ्याएवढी गोल मुडी, चुलीच्या वर माळ्याला टांगलेली, धुराने काळी झालेली. ज्याला हवं त्याने पुढच्या पौषात यावं आणि ओंजळभर न्यावं. हे भात फक्त वायंगणात व्हायचं. पावसात ते आडवं पडायचं.

“ह्या वर्सा नाय तर फुडल्या वर्सा,” पहिल्या वर्षी बाप्तिस्त शिवाला म्हणाला होता. “बी एक वरस कळ काढता.”

दुसरं वर्ष आलं. तुमचा पुढील आदेश आला नाही.

पौष सरत आला तेव्हा बाप्तिस्तला राहवेना. त्याने आपल्या बाजूच्या काठाला, व्हाळ जिथे वळतो तिथे, चार दगड आणि थोडी माती टाकून पाणी जरासं आपल्याकडे वळवलं. तो काही बांध नव्हता. लहान पोरं खेळताना घालतात तसं काहीतरी. दोन कुणगे भिजतील एवढं पाणी. मुडीतलं थोडं बी त्याने त्यात टाकलं. लुईझा, त्याची बायको, काठावर बसून पाखरं हाकत असायची.

दत्तप्रसादने ते आपल्या गच्चीवरून पाहिलं. तो शिवाच्या अंगणात येऊन उभा राहिला. आत काही आला नाही.

“दादा, तुझो बाप्तिस्त बांध घालता. चलता ना? मगे मीया फाल्यां सकाळीच जावन नारळ फोडतंय.”

शिवा जेवत होता. उठला. हात धुतला आणि तसाच निघाला.

“बसा, जेवा तरी,” आनंदीबाई म्हणाली. “बी टिकवूक घातल्यान तेणी. लुईझाबाय माका सांगा होती.”

“माका ठावक आसा,” शिवा म्हणाला.

त्याला ठाऊक होतं. हे विसरू नका.

व्हाळावर बाप्तिस्त गुडघाभर पाण्यात उभा राहून मातीचा लपका लावत होता. शिवाला बघून त्याने हात वर केला. “ये रे. तंबाखू आसा?”

“बाप्तिस्त, ता काढ.”

“काय काढ?”

“बांध.”

“ह्यो बांध?” बाप्तिस्तला हसू आलं. “शिवा, माझ्या कोंबयेन पाय झाडल्यान तर ह्यो मोडतलो. बियाण्यापुरता पाणी घेतंय रे. दोन कुणगे.”

“दोन कुणग्यांक घातलंस तर दत्त्याक तोंड गावता. हुकूम आसा, जैसे थे.”

“साहेब बघूक येतलो?”

“साहेब येवचो नाय. दत्तो येतलो.”

बाप्तिस्तने शिवाच्या तोंडाकडे पाहिलं. मग खोरं काठावर ठेवलं, वाकला आणि आपणच घातलेले दगड एकेक करून काढू लागला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, शिवाला भांडता येतं. तो फक्त दगड उचलायचा आणि काठावर ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. पाणी आधी पाझरलं, मग सुटलं.

शिवाला ते बघवेना. त्याने मान वर केली. वर बाप्तिस्तचा आंबा होता, पान दिसू नये असा मोहरलेला. सगळं झाड पिवळट, उन्हात चमकणारं. वास असा की डोकं जड व्हावं. शिवा बघत राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला.

“मोहर बरो इलोहा तुझ्या झाडाक.”

बाप्तिस्तच्या दोन्ही हातांत दगड होता.

“व्हय,” तो म्हणाला. “बरो इलोहा.”

त्यानंतर बाप्तिस्त आणि लुईझा कळशीने पाणी घालत राहिले. व्हाळातून भरायची, चढ चढायचा, ओतायची. भात लोंबीवर आलं तेव्हा लुईझाचा गुडघा धरला, म्हापशाहून लेक येऊन तिला घेऊन गेली, आणि बाप्तिस्त एकटा किती घालणार. फाल्गुनाच्या उन्हात लोंब्या पांढऱ्या पडल्या. पोकळ. त्याने ते कापून गुरांना घातलं. शिवाला रस्त्यात भेटला तर तंबाखू मागायचा, पूर्वीसारखाच. हे शिवाला जास्त जड जायचं. बाप्तिस्त समोरून येताना दिसला की तो चप्पल सारखी करायला वाकायचा.

आता यंदाची दिवाळी. आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या पहाटे पोहे खातात. शिवाच्या घरी पोहे बाप्तिस्तच्या भाताचे. लुईझा ते कांडून आणायची, आनंदीबाई त्यांत गूळ-खोबरं घालायची, आणि नाताळात आनंदीबाईच्या हातचे लाडू त्या घरी जायचे. गेल्या दिवाळीला जुनं भात शिल्लक होतं, त्यावर निभावलं. यंदा शिवा अभ्यंगस्नान करून पानावर बसला तर पानात पांढरे, कागदासारखे पोहे.

“कसले गो हे?”

“लुईझाबायन हाडल्यान. काठी टेकीत इली. दुकानातले आसत म्हणाली, राग मानू नको.”

“आणि तांबडे?”

आनंदीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तांबडे खंय गेले ता तुमी सांगा.”

शिवाने पोहे खाल्ले. एकही दाणा न टाकता खाल्ले. दिवाळी सरली त्या सोमवारी तो तालुक्याच्या गाडीत बसला.

तुमच्या खुर्चीत आता एक तरुण साहेब बसतो. सभ्य. त्याने शिवाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. शिवा कचेरीतलं मराठी बोलला. “साहेब, तो जैसे थेचा हुकूम. पुढील आदेश कधी होणार?”

साहेबाने कागद मागवले, चाळले. “ह्यात काही अवघड नाही. तुमचे दोघांचेच अर्ज आहेत. वाद मिटला असं दोघांनी सांगा, विषय आजच संपतो.”

“आजच?”

“हो. तेव्हाही संपला असता. दुसऱ्याच दिवशी.”

शिवाने खुर्ची पुढे ओढली. “मग हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलंत का?” साहेब म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होता.

परतीच्या गाडीत शिवाने खिडकीची जागा असून बाहेर पाहिलं नाही. वाडीत उतरला तो थेट दत्तप्रसादच्या अंगणात गेला. पेव्हरवर चप्पल काढून उभा राहिला.

“दत्ता, नारळ तू फोड. मान थोरल्या घराचो. मीया लिवन देतंय.”

दत्तप्रसाद आरामखुर्चीत होता. तो दचकून उठला. शिवा वेडा झाला की काय असं त्याला वाटलं. मग तो म्हणाला, “दादा, तू फोड. माका काय तो इतको... माझी बायल दोन वर्सां माका बोलता. म्हणता, निवृत्त होवन गावाक इलास ता व्हाळ सुकवूक.”

“नाय, तूच फोड.”

“मीया फोडूचंय नाय. तू फोड.”

म्हणजे बघा. दोन वर्षं ज्या नारळासाठी पाणी समुद्राला सोडलं, तो आता कोणालाच नको होता. दोघेही थोडे हसले आणि मग हसू तसंच तोंडावर वाळलं.

मार्गशीर्षात वाडी व्हाळावर जमली. नारळ एकच होता. तो शिवाने बाप्तिस्तच्या हातात दिला.

बाप्तिस्तने तो कानाशी हलवून पाहिला, पाणी आहे का बघायला. “आणि राखणदार इगर्जीत जावन बसलो तर?”

कोणी हसलं नाही. शिवा जमिनीकडे बघत म्हणाला, “बसांदे. थय तरी तेका कोण बरा माणूस गावतलो.”

बाप्तिस्तने टोपी काढली, शिवाकडे धरायला दिली आणि नारळ फोडला. पहिला दगडही त्यानेच टाकला. त्या दिवशी बांध असा झाला की पूर्वी कधी झाला नसेल. संध्याकाळपर्यंत पाणी तुंबलं आणि पाटातून वळवळत निघालं. पोरं त्याच्या तोंडाशी धावत होती. शिवा पाण्यातून बाहेर आला तेव्हा बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, आणि त्याला वाटलं, फिटलं. काहीतरी फिटलं.

पौषात बाप्तिस्तने मुडी उतरवली. तीच, जुनी. नवी बांधायला मध्ये पीकच कुठे होतं? दोरखंड सोडलं, भात गोणपाटात घालून व्हाळात भिजवलं, मग निथळून टोपलीत भरलं, वर पेंढा, वर दगड. बी मोड काढायला लागलं की आतून गरम होतं. टोपलीत हात घातला की कळतं, ताप आलेल्या पोराच्या पोटासारखं लागतं. आमच्याकडे त्यासाठी दुसरी परीक्षा नाही.

शिवा रोज सकाळी जाऊन बसायचा. बाप्तिस्त म्हणायचा, “थंडी आसा. येळ लागतलो.”

मग एका सकाळी शिवा गेला तेव्हा बाप्तिस्त टोपलीसमोर नुसता बसला होता. दगड बाजूला काढलेला. म्हणाला, “तू बघ.”

शिवाने पेंढ्याखाली कोपरापर्यंत हात घातला. तळाशी नेला. बाजूला फिरवला. बी थंड होतं. व्हाळातल्या रेतीसारखं थंड. मूठ भरून बाहेर काढली तर आंबूस वास आला. दाणे भिजून फुगले होते, आणि एकाचंही तोंड फुटलं नव्हतं. तो दुसऱ्यांदा हात घालायला लागला तेव्हा बाप्तिस्तने त्याचं मनगट धरलं.

“मीया रात्रीच बघितलंय. रव, पुरे.”

लुईझा दारातून बघत होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, कोणालाही उद्देशून नसलेला. “सासूक काय सांगू मीया? मरताना तिणी माझ्या हातात दिल्यान होता.”

दत्तप्रसाद आला. त्याला कळलं. तो घाईघाईने म्हणाला, “मीया फाल्यां तालुक्याक जातंय. तांबड्या भाताची बी गावता आता पिशयेत. जितकी होई तितकी हाडतंय.”

“हाडलंस तर हाड,” बाप्तिस्त म्हणाला. “पाणी इलाहा तर लावूक होया. पेजय होतली. पण ता ह्या न्हय.”

दत्तप्रसाद गेला. बाप्तिस्तने टोपली उचलली आणि अंगणात पालथी केली. कोंबड्या धावत आल्या. शिवा बघत राहिला. ह्या वेळी त्याने मान वर केली नाही, कारण वर तोच आंबा होता, आणि तो यंदाही मोहरला होता. मोहर गळून कोंबड्यांच्या पाठीवर, दाण्यांवर, शिवाच्या मानेवर पडत होता. खाली पाटातून पाणी भरभरून येत होतं आणि बाप्तिस्तच्या रिकाम्या कुणग्यात साचत होतं.

बाप्तिस्त त्याच्या शेजारी येऊन बसला. तंबाखूसाठी हात पुढे केला. शिवाने चंची दिली. मळता मळता बाप्तिस्त म्हणाला, अगदी साध्या आवाजात:

“शिवा, गेल्या वर्सा मीया थय धोंडे काढीत होतंय, तेवा तू खंय बघीत होतंस?”

शिवाच्या तोंडात उत्तर होतं. मोहर बघत होतो. तीनच शब्द. ते त्याच्याने बोलवले नाहीत. तो बसून राहिला आणि बाप्तिस्तही बसून राहिला, उत्तराची वाट बघत. मीही त्या सकाळी बी बघायला आलो होतो; तिथून निघालो तेव्हा दोघे तसेच बसलेले होते.

शिवा आज ना उद्या सांगेल. त्याला त्याच व्हाळावर राहायचं आहे, सांगितल्यावाचून तो जाणार कुठे? तुमचं तसं नाही. तुम्ही कुठल्यातरी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या कुठल्यातरी पाण्यावर सही करत असाल. म्हणून तोच प्रश्न तुम्हालाही करतो, आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. साहेब, जैसे थे लिहिलंत तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात? सांगा.